आरएसआय, एमएसीडी आणि चौदा वेळा उडवलेलं नाणं



अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांची एक सोय आहे, किंवा गैरसोय म्हणा. न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मुलांचे डबे आणि ऑफिसची पहिली मीटिंग यांच्या आधीचा तासभर मोकळा असतो, चहा गरम असतो आणि फोनवर चार्ट हलत असतो. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभं असताना एका मित्राने मला तो चार्ट दाखवला. वरती मिनिटामिनिटाच्या लाल-हिरव्या कॅन्डल्स, खाली एक नागमोडी रेघ. "अरे, सोपं आहे. खालची रेघ तीसच्या खाली गेली की घ्यायचं, सत्तरच्या वर गेली की विकायचं. बघ, दर वेळी रेघ परत फिरते की नाही?"

रेघ खरंच दर वेळी परत फिरत होती. त्याचा यंदाचा बोनस त्याने या रेघेच्या भरवशावर लावला होता, आणि वर्षअखेरीस नोकरीचे तास कमी करता येतील का, याचा तो विचार करत होता. त्याला रांगेत जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहितो आहे. आकडेमोड शाळेतलीच आहे. शक्य असेल तर एक नाणं जवळ घेऊन बसा.

आधी ही रेघ असते तरी काय ते पाहू. शाळेत आपण संवेग शिकलो: वस्तुमान गुणिले वेग. चालत्या बैलगाडीला थांबवणं कठीण, कारण तिला संवेग असतो. बाजारातल्या 'मोमेंटम'ला मात्र वस्तुमान वगैरे काही नसतं. आजचा भाव वजा काही काळापूर्वीचा भाव, एवढंच. म्हणजे फार तर वेग. बैलगाडीचा संवेग तिला पुढे नेतो, कारण न्यूटनचा नियम आहे. भावाला पुढे नेणारा असा कोणताही नियम नाही. 'मोमेंटम आहे म्हणजे अजून वर जाईल' या वाक्यातलं 'म्हणजे' आपण भौतिकशास्त्राकडून उधार आणलेलं आहे, आणि ते परत करायचं राहून गेलं आहे.

सगळ्यात लोकप्रिय इंडिकेटर म्हणजे आरएसआय, अर्थात रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्स. वेल्स वाइल्डर या मुळात मेकॅनिकल इंजिनिअर असलेल्या गृहस्थांनी तो १९७८ च्या आपल्या पुस्तकात मांडला. त्याच पुस्तकात एडीएक्स, एटीआर आणि पॅराबोलिक एसएआरही आहेत. एका पुस्तकाने इतकी चार्टं सजवल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. वाइल्डर दिवसाच्या बंद भावांवर काम करत होते. त्यांचा आवडता आकडा १४, म्हणजे चौदा दिवस. आपण तोच १४ उचलून मिनिटाच्या चार्टला लावतो. चौदा दिवसांत जे दिसतं तेच चौदा मिनिटांत दिसेल असं आपण न बोलता गृहीत धरतो, आणि घोटाळ्याची सुरुवात इथूनच होते.

आरएसआयचं सूत्र पुस्तकात जरा क्लिष्ट दिसतं, पण अर्थ अगदी साधा आहे. समजा चौदा मिनिटांत भाव काही वेळा चढला आणि काही वेळा उतरला. सगळ्या चढांची बेरीज ८४ सेंट झाली, सगळ्या उतारांची ३६ सेंट. एकूण पायपीट १२० सेंट. त्यातला चढाचा हिस्सा ८४ भागिले १२०, म्हणजे ७० टक्के. आरएसआय ७०. संपलं. एखाद्या घाटात तुम्ही जेवढं चाललात त्यातलं किती टक्के चढण होतं, एवढंच हा आकडा सांगतो. पुढच्या वळणानंतर चढ आहे की उतार, हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नाही. (वाइल्डर साधी सरासरी न घेता हळूहळू विसरत जाणारी सरासरी घेतात. त्याने रेघ गुळगुळीत होते, मुद्दा बदलत नाही. पुढची आकडेमोड सोपी राहावी म्हणून मी साधी सरासरी घेतो.)

जॉर्ज लेन यांचा स्टोकॅस्टिक भाव गेल्या काही कॅन्डल्सच्या तळ आणि माथ्याच्या मध्ये कुठे आहे ते सांगतो. जेराल्ड अपेल यांचा एमएसीडी १२ आणि २६ कॅन्डल्सच्या दोन सरासऱ्यांमधला फरक घेतो आणि त्या फरकाची पुन्हा ९ ची सरासरी काढतो. तिघांचा कच्चा माल एकच: होऊन गेलेले भाव. म्हणून 'तिन्ही इंडिकेटर एकच सांगताहेत' याने फार हुरळून जाऊ नका. एकाच साक्षीदाराला तीन वेगवेगळे सदरे घालून तीनदा कोर्टात उभं केल्यासारखं ते आहे.

आता नाणं घ्या. छापा पडला तर भाव एक सेंट वर, काटा पडला तर एक सेंट खाली. चौदा वेळा उडवा. छाप्यांची संख्या भागिले १४ हा तुमचा आरएसआय. तो ७० च्या वर जायला दहा किंवा अधिक छापे पडायला हवेत. चौदा फेकींच्या एकूण १६,३८४ शक्यता आहेत. त्यांपैकी १,४७१ मध्ये दहा किंवा अधिक छापे असतात. म्हणजे जवळजवळ ९ टक्के. खालच्या बाजूलाही तेवढेच. न्यूयॉर्कचा बाजार रोज ३९० मिनिटं चालतो. मिनिटाला एक अशा हिशेबाने या नाण्याचा आरएसआय दिवसातली सरासरी ६५ ते ७० मिनिटं 'ओव्हरबॉट' किंवा 'ओव्हरसोल्ड' दाखवेल. वाइल्डरच्या मूळ पद्धतीने हा आकडा बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. नाण्याला ना कंपनी आहे, ना नफा, ना बातमी, आणि तरीही दिवसभर सिग्नल मिळत राहतात.

पण माझ्या मित्राचं निरीक्षण याहून पुढचं होतं: रेघ परत फिरते. ती का फिरते ते पाहू, कारण या लेखाचा खरा गाभा हाच आहे.

समजा चौदा फेकींत चारच छापे पडले. भाव १०० सेंटवरून निघून ९४ वर आला, आरएसआय २९. तीसच्या खाली! मित्र इथे खरेदी करणार. पुढच्या चौदा फेकींत काय होईल? नाण्याला मागचं काही आठवत नाही, त्यामुळे सगळं नव्याने. समजा सात छापे, सात काटे पडले. आरएसआय २९ वरून ५० वर आला. खालची रेघ डौलात वर चढली. आणि भाव? ९४ होता, ९४ च आहे.

आता समजा सहा छापे आणि आठ काटे पडले. आरएसआय ४३ वर गेला, म्हणजे रेघ चढलीच. भाव मात्र आणखी दोन सेंट खाली, ९२ वर.

याची शक्यताही मोजता येते. २९ आरएसआय असताना, चौदा फेकींनंतर तो २९ पेक्षा वर असण्याची शक्यता ९१ टक्के आहे. त्याच चौदा फेकींनंतर भाव आजच्यापेक्षा वर असण्याची शक्यता? जेमतेम ४० टक्के. खाली असण्याचीही तेवढीच, आणि उरलेल्या २१ टक्क्यांत भाव होता तिथेच.

हे दोन आकडे जरा थांबून पाहा. ९१ आणि ४०. खालची रेघ परत फिरणार हे जवळपास नक्की असतं, कारण तिला ० आणि १०० च्या मध्ये कोंडलेलं आहे आणि जुन्या घसरणीचे आकडे चौदा मिनिटांनी तिच्या हिशेबातून आपोआप गळून पडतात. भावाला अशी काही कोंडी नाही. डोळा रेघेकडे पाहून 'बरोबर आलं' म्हणतो, खातं मात्र भावावर चालतं. रेघ विकत घेता आली असती तर माझा मित्र आज खरंच श्रीमंत असता.

'डायव्हर्जन्स' नावाचा फार आदराने उच्चारला जाणारा सिग्नलही इथूनच येतो. भावाने नवा तळ केला, आरएसआयने मात्र केला नाही, म्हणजे आता तेजी येणार, असं सांगतात. वरच्या उदाहरणात नेमकं तेच झालं: भाव ९४ चा ९२, आरएसआय २९ चा ४३. याचा अर्थ एवढाच की आधीची घसरण जोरात होती, नंतरची सावकाश. जोरात पडल्यावर बहुतेक गोष्टी सावकाशच पडतात.

एमएसीडीच्या लाटांचीही गोष्ट आहे आणि ती बरीच जुनी आहे. मॉस्कोत येव्हगेनी स्लुत्स्की नावाचे गणिती-अर्थशास्त्रज्ञ होते. १९२७ मध्ये त्यांनी सरकारी सोडतीत निघालेले आकडे घेतले, म्हणजे निव्वळ नशिबाचे आकडे, आणि दहा-दहा आकड्यांच्या सरकत्या बेरजा करून आलेख काढला. आलेखात छान लाटा उमटल्या. त्यांतला एक तुकडा त्यांनी १८५५ ते १८७७ या काळातल्या इंग्लंडच्या व्यापारचक्राच्या आलेखाशेजारी ठेवला, तेव्हा दोन्ही थक्क करण्याइतके सारखे दिसले. सरकती सरासरी स्वतःच लाटा निर्माण करते. कच्च्या मालात लाटा असाव्या लागत नाहीत. सरासऱ्यांमधला फरक घेऊन त्याची पुन्हा सरासरी काढणारा एमएसीडी हे यंत्र दोनदा चालवतो. त्याच्या लाटा सुंदर दिसल्या तर आश्चर्य नको.

इथे कुणी म्हणेल, बाजार म्हणजे नाणं नव्हे. अगदी बरोबर. मोमेंटम ही थापही नाही. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी शेअर्सवर दाखवलं की मागच्या ३ ते १२ महिन्यांत चांगले चाललेले शेअर पुढचे काही महिनेही रखडलेल्या शेअर्सपेक्षा चांगले चालतात, फरक दरमहा सुमारे एक टक्का. नंतर कित्येक देशांत आणि कित्येक प्रकारच्या बाजारांत ते पुन्हा सापडलं. पण काळाची मोजपट्टी बदलली की उत्तर बदलतं. महिन्याभराच्या पट्टीवर जेगदीश यांनाच १९९० मध्ये उलटं चित्र दिसलं होतं: वर गेलेले शेअर थोडे खाली येतात. दिवसाच्या आतही काही सापडलं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एस अँड पी ५०० च्या ईटीएफवर असं आढळलं की आदल्या दिवसाच्या बंद भावापासून पहिल्या अर्ध्या तासापर्यंतची चाल शेवटच्या अर्ध्या तासाच्या चालीबद्दल थोडंसं सांगते. थोडंसं म्हणजे किती? शेवटच्या अर्ध्या तासातल्या चढउतारांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी भागाचा उलगडा होतो. संशोधकाला हे सोनं वाटेल. चहाचा कप हातात धरून बसलेल्या माणसाला बाकीच्या ९८ टक्क्यांशी झुंजावं लागतं.

मिनिटाच्या पट्टीवर हे इतकं अवघड का होतं? कारण दिशा वेळेच्या प्रमाणात वाढते, हेलकावे मात्र वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ढोबळ आकडे घेऊ. एखादा निर्देशांक वर्षाला सरासरी ८ टक्के वाढतो आणि त्याचे वार्षिक हेलकावे १६ टक्क्यांचे आहेत. वर्षात बाजाराचे सुमारे २५२ दिवस, त्याचं वर्गमूळ जवळपास १६. म्हणून दिवसाचा हेलकावा १ टक्का, दिवसाची वाढ मात्र ०.०३ टक्के. ३९० चं वर्गमूळ जवळपास २०, म्हणून मिनिटाचा हेलकावा ०.०५ टक्के आणि मिनिटाची वाढ ०.००००८ टक्के. वर्षभरात गोंगाट आवाजाच्या दुप्पट होता, मिनिटात तो सहाशे पट झाला. लोकलच्या गर्दीत कुणीतरी कानाशी कुजबुजावं तसं. त्यात मोमेंटम म्हणजे दोन भावांची वजाबाकी. ज्यांनी प्रयोगशाळेत काम केलं आहे त्यांना माहीत असेल की गोंगाट असलेल्या मोजमापांची वजाबाकी केली की गोंगाट आणखी उठून दिसतो.

आता खर्च. 'माझा ब्रोकर कमिशन घेत नाही' हे मी इतक्यांदा ऐकलं आहे! कमिशन नसलं तरी स्प्रेड असतो: विकत घेताना थोडा जास्त भाव द्यावा लागतो, विकताना थोडा कमी मिळतो. १०० डॉलरचा शेअर, स्प्रेड एक सेंट, म्हणजे अगदी चांगला. मिनिटाची साधारण हालचाल ५ सेंट. तुम्ही ५ सेंट नफ्यावर विकायचं आणि ५ सेंट तोट्यावर बाहेर पडायचं ठरवलंत. एक सेंट खर्च भरून नुसतं बरोबरीत सुटायला तुमचे किती सौदे बरोबर यायला हवेत? ६० टक्के. स्प्रेड दोन सेंट असेल तर ७० टक्के. याच शेअरमध्ये ५ सेंटऐवजी एक डॉलरचं लक्ष्य आणि एक डॉलरचा स्टॉप लॉस ठेवला, तर एक सेंटचा खर्च भरून काढायला ५०.५ टक्के पुरतात. इंडिकेटर तोच, माणूस तोच, शेअर तोच. फक्त घाई वाढली आणि परीक्षा साडेपन्नास टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेली.

स्प्रेडचा आणखी एक लपलेला खेळ आहे, आणि बॅकटेस्ट करणाऱ्या हुशार मंडळींना तो हमखास फसवतो. समजा शेअरचा खरा भाव जागचा हललाही नाही. घेणारा १०० ला उभा आहे, विकणारा १००.०१ ला. कधी कुणी विकतं, तेव्हा चार्टवर १०० उमटतं. कधी कुणी घेतं, तेव्हा १००.०१. चार्ट वरखाली नाचतो, आरएसआय त्या नाचालाच चढउतार समजतो, आणि तुमचा प्रोग्रॅम म्हणतो, '१०० ला घेतलं, १००.०१ ला विकलं, एक सेंट नफा.' प्रत्यक्षात तुम्ही घाईने घ्यायला जाल तेव्हा १००.०१ द्यावे लागतील आणि विकताना १०० मिळतील. कागदावरचा एक सेंट नफा हा खात्यातला एक सेंट तोटा असतो. मिनिटाच्या कॅन्डल्सवरच्या 'ओव्हरसोल्ड घ्या' छापाच्या बॅकटेस्टमधला नफा बरेचदा इथूनच येतो. यूट्यूबवर असा बॅकटेस्ट पाहिलात तर पहिला प्रश्न हा विचारा: खरेदी कोणत्या भावाने धरली आहे?

वेगाबद्दल फार लिहीत नाही. शिकागोच्या फ्युचर्स बाजारातली हालचाल मायक्रोवेव्ह मनोऱ्यांवरून न्यू जर्सीतल्या सर्व्हरपर्यंत सुमारे चार मिलिसेकंदांत पोहोचते. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. आपला फोन हातात असेपर्यंत तिकडे जेवणं उरकून भांडी घासून झालेली असतात.

मग प्रत्यक्ष लोकांचं काय होतं? ब्राझीलमध्ये २०१३ ते २०१५ दरम्यान निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये डे-ट्रेडिंग सुरू करणाऱ्यांचा तीन अर्थतज्ज्ञांनी माग काढला. जे तीनशेहून अधिक दिवस टिकले, म्हणजे ज्यांनी भरपूर सराव केला, त्यांच्यातले ९७ टक्के तोट्यात होते. तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे १.१ टक्के. भारतात सेबीने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये शेअर्सच्या इंट्राडे व्यवहारांत दर दहांपैकी सात व्यक्ती तोट्यात होत्या. वर्षात पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्ती तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. यातल्या कुणी कोणता इंडिकेटर वापरला हे आकडे सांगत नाहीत. पण सराव वाढला तरी तोटा कमी होत नाही, हे त्यांत दिसतं. वरचं गणितही तेच सांगत होतं: प्रत्येक सौद्याला टोल आहे, आणि जास्त फेऱ्या म्हणजे जास्त टोल.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक पुरवणी. अल्पमुदतीच्या नफ्यावर पगारासारखाच कर लागतो, पण निव्वळ तोटा झाला तर पगारातून वर्षाला ३,००० डॉलरच वजा करता येतात, बाकीचा तोटा पुढच्या वर्षांकडे ढकलावा लागतो. तोच शेअर तीस दिवसांत परत घेतलात तर वॉश सेलचा नियम आडवा येतो, आणि डे-ट्रेडर तर तो तीस मिनिटांत परत घेतो. एप्रिलमध्ये फॉर्म भरताना हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

एवढं वाचूनही कुणाला करून पाहायचं असेल तर माझी हरकत नाही. मीही सहा महिने कागदावर करून पाहिलं आहे, फक्त पैसे न लावता. पण मोजणी नीट करा. सिग्नल आला की आरएसआयकडे पाहणं बंद करा आणि ठरलेल्या मिनिटांनंतरचा भाव लिहा, घेताना वरचा आणि विकताना खालचा. त्याच दिवशी, तेवढेच सौदे नाणं उडवून ठरवलेल्या वेळी केले असते तर काय झालं असतं, तेही शेजारच्या रकान्यात लिहा. तुमची पद्धत बाजाराला हरवते का, याआधी ती नाण्याला हरवते का ते कळायला हवं. १४ चा ९ करून पाहिला, तीसचा पंचवीस करून पाहिला, एक मिनिटाऐवजी तीन मिनिटं करून पाहिली, तर प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवा. पूर्णपणे निरुपयोगी अशा हजार पद्धती तपासल्या तरी 'शंभरात पाच' या कसोटीवर पन्नासेक पद्धती केवळ योगायोगाने पास होतात, आणि आपण नेमकी त्यांतलीच एक चार्टवर ठेवतो. शिवाय धीर लागेल. ५० आणि ५२ टक्के यश यांतला फरक आकड्यांवरून बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला अडीच हजारांच्या आसपास सौदे लागतात. आठवडाभराच्या वीस सौद्यांत तेरा बरोबर येणं म्हणजे काहीच नाही.

मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला वर्गमुळात रस वाटला नाही, पण नाण्याची कल्पना आवडली. शनिवारी त्याने नववीतल्या मुलीला बसवून दोनशे वेळा नाणं उडवायला लावलं आणि आलेख कागदावर काढून त्याचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं: "एकशेवीसच्या आसपास बघ, क्लासिक डबल बॉटम." बरोबर हसणारी इमोजी होती. सोमवारी सकाळी साडेसहाला त्याचा मेसेज आला नाही. रोज येतो.

पुढच्या लेखात ऑर्डर बुकबद्दल लिहीन: घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या रांगा, आणि भाव हलण्याआधी त्या रांगांत काय हलतं.